चिखल, गिटार आणि दोन रोजनिश्या

गायक-वादकांनी उतारवयात आत्मचरित्र लिहावे, यात आता नवल राहिलेले नाही. पुष्कळदा ते लिहून काढणारा दुसराच कोणी असतो. सांगणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत येते आणि आत मैफलींच्या, मानसन्मानांच्या व गुरुकृपेच्या हकिकती ओळीने मांडलेल्या असतात. या ठरीव साच्यात न बसणारी दोन इंग्रजी पुस्तके आमच्या वाचनात आली. ती व्हिव अल्बर्टीन या स्त्रीने स्वतः लिहिली आहेत. ती प्रथम गिटारवादक होती, मग चित्रपट-दिग्दर्शनाकडे वळली, मग बराच काळ कोणीच नव्हती आणि साठीच्या उंबरठ्यावर लेखिका झाली. या प्रवासात लेखन कोठून आले, हा प्रश्न आम्हांस त्या संगीताहून अधिक मोलाचा वाटतो.

ज्या संगीतातून ती आली त्याचे नाव पंक. हा इंग्रजी शब्द पूर्वी शिवीसारखाच वापरला जाई. उनाड, टाकाऊ, कवडीमोल असा त्याचा भाव. १९७६ च्या सुमारास लंडनमधील तरुणांच्या एका संगीतप्रवाहाला तो चिकटला. त्या वर्षी ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले होते. शाळा सोडलेल्या पोरांना काम मिळत नव्हते आणि त्यांच्या आधीच्या पिढीचे रॉक संगीत मोठाल्या सभागृहांतील, महागड्या यंत्रांचे, अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या वादनाचे झाले होते. या पोरांनी तीन सुरावटींत दोन-अडीच मिनिटांची गाणी केली. सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश ही त्यांतली गाजलेली नावे. फाटके कपडे, सेफ्टी पिना, रंगवलेले उभे केस ही त्यांची बाहेरची ओळख. आतली ओळख निराळी होती. आधी शिकावे आणि मग लोकांपुढे यावे, हा क्रम त्यांनी उलटा केला. लोकांपुढे यावे आणि तेथेच शिकावे.

ज्यांच्या घरात ग्वाल्हेर आणि किराणा गायकीचे वाद चहाबरोबर चालत आले, त्यांना हे ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटतील. तालीम, रियाज, गुरूपुढे वर्षानुवर्षे तंबोरा धरून बसणे, या संस्कारातून आलेल्या आमच्या कानांना ते संगीत गोड लागले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. परंतु साहित्याच्या अंगाने पाहता ही वृत्ती मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. प्रस्थापित मासिके दार उघडत नाहीत म्हणून १९६० च्या दशकात मुंबईत 'असो'सारखी अनियतकालिके निघाली. पैसा नव्हता, छपाई ओबडधोबड होती, पुढचा अंक निघेलच याची शाश्वती नव्हती. आणि आज त्या काळातील कितीतरी देखणी मासिके विसरली गेली असता अभ्यासक शोधतात ती त्या अनियतकालिकांचे अंक. लंडनच्या पंक पोरांनीही १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' नावाचे असेच घरगुती पत्र काढले होते.

अल्बर्टीनचा जन्म १९५४ चा, सिडनीचा. वडील कॉर्सिकाचे. ती लहान असतानाच कुटुंब लंडनला आले, पुढे आईवडील विभक्त झाले आणि दोन मुलींना आईने हलाखीत वाढवले. व्हिव कलाशाळेत गेली, वस्त्ररचना शिकू लागली, ओसाड घरांत बिनभाड्याने राहणाऱ्या तरुणांत मिसळली. आजीने मागे ठेवलेले थोडे पैसे हाती आले तेव्हा तिने गिटार विकत घेतली. वाजवता मुळीच येत नव्हते. तोवर मुलींनी गाणे म्हणावे किंवा वादकांवर प्रेम करावे, वाद्य मात्र मुलांच्या हाती, अशी त्या जगाची विभागणी होती. तिने लिहिले आहे की वाद्य हातात असलेली मुलगी तिने कोठे पाहिलीच नव्हती, म्हणून आपण वाजवू शकू हा विचारच आधी मनात आला नव्हता. तिच्या पहिल्या संघातून सिड व्हिशसने तिला काढून टाकले. कीथ लेव्हीन या मित्राने तिला शिकवले. १९७७ मध्ये ती 'द स्लिट्स' या केवळ मुलींच्या संघात दाखल झाली. संघाच्या नावातच एक ग्राम्य सूचना आहे, तिची फोड करण्याचे येथे कारण नाही.

या संघाची गायिका अ‍ॅरी अप तेव्हा अवघी पंधरा वर्षांची. १९७७ च्या मे महिन्यात 'क्लॅश'बरोबर या मुली इंग्लंडभर दौऱ्यावर गेल्या, तेव्हा त्यांना बसमध्ये घेण्यासाठी चालकाला पैसे चारावे लागत, अशी हकिकत सांगितली जाते. रस्त्यात शिव्या मिळत, धक्के मिळत. अ‍ॅरीवर तर चाकूचा वारही झाला. हे सर्व अल्बर्टीन तक्रारीच्या सुरात सांगत नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन जावे लागे, इतक्याच सहजपणे सांगते आणि त्यामुळेच ते अंगावर येते.

१९७९ मध्ये त्यांची 'कट' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिची जुळवाजुळव डेनिस बोव्हेल या बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या, रेगे संगीतात मुरलेल्या संगीतकाराने केली होती. मुखपृष्ठावर तिघी मुली कमरेला फडके गुंडाळून, बाकी उघड्या अंगाला चिखल माखून उभ्या आहेत. संस्कृतात आणि मराठीत 'पंक' म्हणजे चिखल, हा केवळ योगायोग. पण मराठी वाचकाच्या तो ध्यानात आल्यावाचून राहात नाही. पंकातून पंकज उमलले असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरलेला बरा. कमळाला चिखलाचा डाग लागत नाही, अशी आपल्याकडची कल्पना. या बाईने तो चिखल धुऊन टाकला नाही. पुढचे सारे लेखन तिने त्यासकट केले.

१९८१ मध्ये दुसरी ध्वनिमुद्रिका आली आणि लवकरच संघ मोडला. येथून पुढची पंचवीस वर्षे चरित्रकाराला अडचणीची, पण समीक्षकाला महत्त्वाची आहेत. काही काळ तिने व्यायामाचे वर्ग घेतले. मग लंडन कॉलेज ऑफ प्रिंटिंगमध्ये चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेतले आणि दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसाठी तिने केलेला 'कोपिंग विथ क्युपिड' हा लघुपट १९९१ चा. परग्रहावरून सोनेरी केसांच्या तीन सुंदऱ्या पृथ्वीवर उतरतात आणि प्रेम म्हणजे काय याची चौकशी करतात, अशी त्याची गमतीदार कल्पना. कल्पना चतुर आहे, चित्रपट मात्र कल्पनेच्या फारसा पुढे जात नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या तिघींना स्वतःला काहीच गमवायचे नाही, आणि जिला काही गमवायचे नाही ती अल्बर्टीनच्या हातून रंगत नाही. दिग्दर्शिका म्हणून तिची गणना पहिल्या रांगेत होणार नाही हे उघड आहे.

असे असले तरी ही वर्षे वाया गेली असे आम्हांस वाटत नाही. संगीताने तिला अपुरेपणानिशी लोकांपुढे उभे राहण्याचे धैर्य दिले. चित्रपटाने काय ठेवावे व काय कापावे हे शिकवले. तिच्या पुस्तकांतील प्रकरणे आखूड आहेत, काही दीड-दोन पानांचीच. प्रसंग मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो. 'त्यानंतर मला असे वाटले की' अशी पुस्ती क्वचितच येते. दोन प्रसंग शेजारी ठेवले की त्यांतून तिसराच अर्थ निघतो, हे संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

मधल्या काळात लग्न, मुलासाठी वर्षानुवर्षे घेतलेले वेदनादायक उपचार, १९९९ मध्ये झालेली मुलगी आणि पाठोपाठ आलेला कर्करोग. समुद्राकाठी हेस्टिंग्जला गृहिणी म्हणून राहताना पन्नाशी उलटल्यावर तिने पुन्हा गिटार हाती घेतली. बोटे आखडलेली, सूर विसरलेले. आसपासच्या दारूगुत्त्यांत कोणीही उठून गावे अशा संध्याकाळी असत, तेथे जाऊन ती वाजवू लागली. एकेकाळी ध्वनिमुद्रिका गाजलेली बाई पंधरा-वीस बेफिकीर श्रोत्यांपुढे चुकत चुकत वाजवते, ही पाने पहिल्या पुस्तकातील सर्वांत चांगली पाने आहेत. लग्न टिकले नाही. २०१२ मध्ये तिची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. जोआना हॉग या दिग्दर्शिकेच्या २०१३ च्या 'एक्झिबिशन' चित्रपटात तिने प्रमुख भूमिका केली. एक कलावंत दांपत्य आपले घर विकायला काढते, एवढेच त्याचे कथानक. त्यातील पत्नी बहुतेक वेळ गप्प असते, खिडकीशी, भिंतीशी, खुर्चीशी अंग लावून बसते. बोलभांड संगीतातून आलेल्या स्त्रीला हे मौन कसे साधले, याचे उत्तर मधल्या वर्षांत शोधावे.

पहिले पुस्तक २०१४ मध्ये निघाले. त्याचे नाव 'कपडे' हा शब्द तीनदा, 'संगीत' तीनदा आणि 'मुलगे' तीनदा एवढेच आहे. मुलीच्या डोक्यात दुसरे काही नाही, असे तिची आई वैतागून म्हणे, त्याचे हे शीर्षक. आईच्या बोलण्यातला तिरस्कार आणि कौतुक दोन्ही त्यात उतरले आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकेप्रमाणे पुस्तकाला 'बाजू पहिली' आणि 'बाजू दुसरी' असे दोन भाग आहेत. पहिली बाजू पंकच्या दिवसांची. ती वर्तमानकाळात लिहिली आहे; म्हणजे एकवीस वर्षांची मुलगी जे पाहते तेवढेच वाचकाला दिसते, साठीची लेखिका तिला वरून शहाणपण शिकवत नाही. गाजलेल्या माणसांचीही तेथे गय नाही आणि स्वतःची तर नाहीच. शरीर, रोग, लाज, फजिती यांविषयी ती ज्या मोकळेपणाने लिहिते, त्याने आमच्या पिढीचा वाचक जागोजाग अवघडतो. काही ठिकाणी तो मोकळेपणा सवयीचा होतो हेही नमूद केले पाहिजे. दर दहा पानांनी एक धक्का मिळणार हे कळले की धक्का बसेनासा होतो. दुसरी बाजू अधिक संथ, अधिक एकाकी आणि आमच्या मते अधिक चांगली आहे. ज्यांनी केवळ संगीताच्या ओढीने पुस्तक घेतले त्यांना ती कंटाळवाणी वाटली तर नवल नाही.

मराठी वाचकाला येथे हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'ची आठवण होईल. १९७० मध्ये आलेल्या त्या पुस्तकाने कलावंत स्त्रीच्या आत्मकथनातील सोवळेपणा मोडला. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' चित्रपट केला. परंतु वाडकरांच्या कथनाला अरुण साधूंचे शब्दांकन होते. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा. अल्बर्टीनच्या बाबतीत सांगणारी, लिहिणारी आणि कापणारी एकच आहे. जवळचे नाते सांगायचे तर ते मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या १९८४ च्या पुस्तकाशी सांगावे लागेल. एका बंडखोर चळवळीच्या आतले घर स्त्रीला कसे दिसते, हा दोन्हींकडचा प्रश्न आहे.

चळवळीचा इतिहास लिहिताना स्त्रिया गळतात, याचा प्रत्यय तिला २०१६ मध्ये पुन्हा आला. पंकला चाळीस वर्षे झाल्याबद्दल ब्रिटिश लायब्ररीने प्रदर्शन मांडले होते. भाषणासाठी गेलेल्या अल्बर्टीनने तेथील माहितीफलकावर पुरुषांच्या संघांची नावे खोडली, आपल्या व इतर स्त्रियांच्या संघांची नावे लिहिली आणि स्त्रियांचे काय, असा सवाल टाकून खाली स्वतःची सही केली. सार्वजनिक ग्रंथालयाच्या फलकावर असे काही करणे आमच्यासारख्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पटणारे नाही. पण त्या खाडाखोडीखाली सही आहे, हे विसरता येत नाही. निनावी अर्ज आम्ही आयुष्यभर पाहिले. सही करून केलेली तक्रार निराळ्या जातीची असते.

दुसरे पुस्तक २०१८ चे. त्याच्या नावाचा अर्थ 'न उघडता फेकून द्यावे' असा आहे, आणि आमच्या मते याच पुस्तकाने तिचे लेखिकापण सिद्ध झाले. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या रात्रीच तिची पंचाण्णव वर्षांची आई वारली. समारंभ सोडून ती रुग्णशय्येपाशी धावली. तेथे मरणाऱ्या आईच्या डोळ्यांदेखत ती आणि तिची बहीण हातघाईवर आल्या. त्या रात्रीची हकिकत पुस्तकभर तुकड्यातुकड्यांनी येते. एक तुकडा, मग बालपण, पुन्हा एक तुकडा, मग म्हातारपणीचे एकटेपण. चित्रपटाचे शिक्षण कोठे कामी आले ते येथे स्पष्ट दिसते.

आई गेल्यावर सामानात एक जुनी पिशवी सापडली. तीवर आईच्या हातचे अक्षर होते: न उघडता फेकून द्यावे. मुलीने ती उघडली. आत आईची रोजनिशी होती, १९६० च्या दशकातली, नवऱ्याशी घटस्फोटाचा कज्जा चालू असतानाची. वडिलांची त्याच काळातली रोजनिशी तिला त्यांच्या पश्चात मिळालेली होती. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि एकाच घरातील त्याच दिवसांचे दोन वृत्तांत ताडून पाहिले.

आम्ही शासकीय सेवेत जमिनीच्या तंट्यांची कागदपत्रे वाचण्यात बरीच वर्षे घालवली, म्हणून हा भाग आम्ही कदाचित इतरांहून सावकाश वाचला. कज्जा चालू असताना लिहिलेली रोजनिशी ही खरे तर रोजनिशी नसते, ती कैफियत असते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी तिसरा बसलेला असतो आणि प्रत्येक तारीख, प्रत्येक शिवी, प्रत्येक न शिजलेले जेवण त्याच्यासाठी नोंदलेले असते. नोंद खोटी असेलच असे नाही. पुष्कळदा ती अक्षरशः खरी असते. पण काय नोंदायचे आणि काय वगळायचे, ही निवड पक्षकाराची असते. अल्बर्टीनला हे हळूहळू उमगते. पहिल्या पुस्तकात वडील क्रूर, विचित्र आणि आई कष्टाळू, सोशिक, मुलींची एकमेव आधार अशी सरळ वाटणी होती. दुसऱ्या पुस्तकात वडिलांचे क्रौर्य पुसले जात नाही, परंतु आईने मुलींच्या मनात बापाविषयीचा दुरावा किती जाणीवपूर्वक रुजवला असेल, हा संशय पानापानांतून वर येत राहतो. बापाचा एकाकीपणाही प्रथमच दिसतो. जिच्या बळावर आपण गिटार उचलली, रस्त्यावरच्या शिव्या झेलल्या, त्या आईने आपल्याला एका लढाईसाठी घडवले होते काय, हा प्रश्न विचारायला चिखल माखून छायाचित्र काढून घेण्यापेक्षा फार मोठे धैर्य लागते.

ती पिशवी उघडण्याचा तिला अधिकार होता काय? आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर वाडवडिलांच्या पत्रांची, वह्यांची गाठोडी असतील. पिढ्यांपूर्वी देश सोडून आलेल्या घराण्यांनी बरोबर जे आणले त्यांत भांडी आणि देव यांच्याइतकेच कागदही होते. त्यांतले काही कागद कोणी तरी मुद्दाम बांधून ठेवलेले असतात. अल्बर्टीनचे म्हणणे असे दिसते की ज्याला खरोखर फेकून द्यायचे असते तो स्वतःच फेकतो. वर सूचना लिहून ठेवणे म्हणजे उघडण्याचे आमंत्रण. हा युक्तिवाद चतुर आहे, आणि आईचा स्वभाव जसा पुस्तकात दिसतो त्यावरून तो कदाचित खराही असेल. तरी वाचलेले छापणे ही वेगळी पायरी आहे. घरातल्या घरात वाचून समजून घेणे आणि हजारो अपरिचितांपुढे ठेवणे यांतले अंतर तिने पुरेसे मोजले आहे, असे आम्हांस वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये टिळकांच्या रागाचे, तऱ्हेवाईकपणाचे किती प्रसंग सांगितले. पण तेथे सांगणारी स्वतः त्या संसारात उभी होती, कोणाचे बांधलेले गाठोडे सोडून तिने ते आणलेले नव्हते.

या आक्षेपासह आम्ही हे पुस्तक पहिल्याच्या वर ठेवतो. पहिल्यात ती स्वतःविषयी निर्दय आहे, आणि स्वतःविषयी निर्दय होणे लेखकाला एका मर्यादेपर्यंत सोपे असते. वाचक त्याचे कौतुकच करतो. दुसऱ्यात ती ज्या व्यक्तीवर सर्वाधिक प्रेम करते तिची उलटतपासणी घेते आणि निकाल देण्याचे टाळते. २०१८ च्या कोस्टा पुरस्काराच्या चरित्रविभागातील निवडक पुस्तकांत त्याचा समावेश झाला होता, तो योग्यच होता.

एक उणीव मात्र राहते. आईची बाजू आली, वडिलांची आली, लेखिकेची तर पानोपानी आहे. मृत्युशय्येपाशी जिच्याशी झटापट झाली त्या बहिणीला त्या रात्रीविषयी काय म्हणायचे आहे, ते पुस्तकात कोठेही नाही.